कंसातले आवाज

पुण्याच्या मॅडमनी माझी पहिली फाइल परत पाठवली तेव्हा मला त्यांचाच राग आला. माझा स्वभावच तसा. आधी समोरच्याची चूक दिसते, आपली नंतर, आणि तीही कुणी नाक दाबल्यावर. फाइलवर लाल अक्षरांत एवढाच शेरा होता, ‘इथे प्रतिध्वनी कुठे आहे?’

माझं काम आधी सांगते, म्हणजे घोटाळा कळेल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही सिनेमा बघता यावा म्हणून पडद्यावर खाली अक्षरं येतात. त्यात नुसतं बोलणं नसतं. दार आपटलं, कुत्रं भुंकलं, लांब कुठंतरी घंटा वाजली, हेही चौकटी कंसात इंग्रजीत लिहावं लागतं. ते कंस मी भरत होते. सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीन काढून टाकलेल्या लाकडी टेबलावर लॅपटॉप मांडून. पुण्याच्या कंपनीत सहा महिने कच्ची नेमणूक, काम तपासायला या मॅडम, मग आवाजांची एक परीक्षा. पास झाले तर काम पक्कं. नापास झाले तर थोरल्या बहिणीबरोबर, अक्काबरोबर, टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहायचं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली एकतीस वर्षांची बाई सोलापुरात आणखी काय करू शकते ते मी तीन शाळांत शिकवून बघितलं होतं, आणि तिन्ही ठिकाणी भांडून बाहेर पडले होते.

तर तो सीन असा. एक म्हातारा मोठ्या रिकाम्या सभागृहातून चालत जातो. वर उंच छत, दोन्हीकडं बाकांच्या रांगा, माणूस एकटा. मी कंसात लिहिलं होतं की पावलं घुमतात. न घुमायला काय झालं? मी सरळ फोन लावला.

“मॅडम, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पावलं घुमणारच की.”

“घुमायला हवीत खरी,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कायम थंड, पुणेरी. “पण घुमत नाहीयेत. खाली गालिचा आहे. तुम्ही ऐका ना पुन्हा एकदा.”

तो ‘ऐका ना’ मला फार झोंबला. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच वाटलं, आणि चडफडत शब्द खोडला. खोडला तो पटलं म्हणून नाही, मॅडम म्हणाल्या म्हणून.

कंपनीनं सुरुवातीलाच शब्दांची एक लांबलचक यादी पाठवली होती. ती मी टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवली होती आणि शेजारी आपली मराठी लिहून ठेवली होती. इको म्हणजे आवाज भिंतीवर आपटून वेगळा परत येतो, कुणीतरी पलीकडून ओ दिल्यासारखा. रिव्हर्बरेट म्हणजे तो परत येत नाही, जागच्या जागी घुमत राहतो. रेझोनेट म्हणजे आवाज होतो एकीकडं आणि थरथरते भलतीच वस्तू. मिरवणुकीतला ढोल दारावरून गेला की मांडणीवरची भांडी बोलायला लागतात, तसं. हॉलो म्हणजे पोकळ. मफल्ड म्हणजे गोधडीत गुंडाळलेला. मग संपायच्या तऱ्हा. लिंगर म्हणजे जाता जाता दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा, फेड म्हणजे फिका पडत जाणारा, डाय अवे म्हणजे मरत जाणारा. आपल्याकडं आवाज विरतो, त्यांच्याकडं मरतो. बघा की! मला ही यादी मनापासून आवडायची. भाजी निवडतानासुद्धा मी ती पुटपुटत असायचे, आणि अम्मा म्हणायची, ही इंग्रजीत जप करायली.

दुसरी फाइल परत आली. छोट्या न्हाणीघरात एक बाई गुणगुणते, आणि तो आवाज फरशांमुळं घुमतो. मी तिथं नुसतं ‘गुणगुणते’ लिहिलं होतं. खोली एवढीशी, त्यात काय घुमणार, असं मला वाटलं होतं. मग तिसरी. त्यात शाळेची पितळी घंटा होती. मॅडमनी लिहिलं होतं, ‘घंटेचा टोल झाल्यावर पुढे नऊ सेकंद नाद रेंगाळतो आहे. पूर्ण शांततेत. दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवला आहे. तो तुम्ही कसा गाळलात?’

नऊ सेकंद म्हणजे थोडेथोडके नव्हेत. त्या दुपारी अम्मा आत झोपली होती, अक्का कारखान्यात होती. मी दार लावलं, पंखा बंद केला, आवाज पूर्ण वाढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. टण्ण. आणि झालं. पुढं काही नाही. मी डोळे उघडले. पडद्यावर आवाजाची रेघ असते, आवाज मोठा तशी ती जाड दिसते. ती रेघ अजून पुढं चालली होती, बारीक होत होत, पण चालली होती. मी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा टण्ण, आणि झालं. मग मी वेड्यासारखी जुन्या फाइली काढून एकेक आवाज डोळे मिटून ऐकत बसले. पावसाचा बारीक आवाज नाही. रातकिडे नाहीत. घुमणं नाही. सहा महिन्यांतले चार महिने मी बघून लिहीत होते. विहीर दिसली की लिहायचं, घुमतं. गुहा दिसली की लिहायचं, घुमतं. न्हाणीघर लहान, तर नाही घुमत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एकतीस वर्षांत तुला कळलं नाही? नाही कळलं. त्याचं कारण आमचं घर. आम्ही विणकर. लहानपणी खालच्या खोलीत सहा माग आणि वरच्या खोलीत आम्ही. माझा पाळणासुद्धा अम्मा मागांजवळच बांधायची, कारण कांड्यांवर सूत भरता भरता झोका द्यायला तेच सोयीचं. माग सुरू असले की तिथं माणसाचा आवाज चालत नाही. म्हणून कारखान्यात कुणी ओरडत नाही. समोर यायचं आणि आवाज न काढता ओठांनी बोलायचं. लांब असलं तर हातांनी. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला खूण. मागून हाक कुणी मारतच नाही. घरी आल्यावरही सवय तीच. बोलायचं असलं की समोर येणार, खांद्याला हात लावणार, मग तोंड उघडणार. वडील गेले, माग विकले, पण सवय राहिली. अशा घरात कुणाला कमी ऐकू येतं हे कळायचं कसं? सगळ्यांचं सगळं व्यवस्थित चाललेलं असतं.

डॉक्टरकडं गेले नाही. कान तपासले असते तर कागदावर आलं असतं, आणि कागद कधी ना कधी कुणीतरी मागतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढचे दीड महिने मी त्या रेघेवर काढले. रेघ लांब दिसली की रेंगाळतो, तुटक दिसली की थांबतो. मॅडमनी एकदा ‘सुधारणा आहे’ असंही लिहिलं. ते वाचून मला आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी माझी गत. फोन वाजला की वाटायचं, कळलं यांना.

मग परीक्षेची मेल आली. पंधरा आवाज. चित्र नाही, रेघ नाही. काळ्या पडद्यावर नुसता आवाज वाजणार, आणि खाली रिकाम्या चौकटीत मी लिहायचं. कॅमेरा चालू, पलीकडून मॅडम बघणार. कुणी कानात पुटपुटू नये म्हणून हेडफोन चालणार नाही. दोन्ही कान कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत, आवाज बाहेरच्या स्पीकरवर. सुरुवातीला कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा, टेबलावर लॅपटॉप आणि स्पीकर सोडून काही नको. पंधरापैकी दहा बरोबर आले पाहिजेत. हातात आठ दिवस.

मी अक्काला सांगितलं. तिला सोडून कुणाला सांगणार होते? अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षापासून मागावर. तिचं लग्न झालं नाही. मी शिकावं म्हणून झालं नाही असं अम्मा म्हणते, अक्का म्हणत नाही. घरात आमची तेलुगू, पण अक्काचं बोलणं मी इथं तिच्या कारखान्यातल्या मराठीत लिहिते, कारण ती भडकली किंवा खूश झाली की त्यावरच येते.

“कान गेलं म्हणतीस?” अक्का म्हणाली. “तुजं? अगं तू कधी उभी राहिलीस मागावर? माजं जायला पायजेत की मग.”

आणि हसली. कारण अक्काच्या कानांची पूर्व भागात ख्याती आहे. आठ माग एकदम धडधडत असतात, आणि अक्का मधून चालत जाता जाता एका मागाच्या लाकडाला हात लावून उभी राहते, आणि सांगते, ह्याचा धोटा आपटायलाय, जॉबरला बोलवा. माग दुरुस्त करणारा जॉबर येतो, खोलतो, आणि तसंच निघतं. मालकसुद्धा नव्या बायकांना सांगतो, अक्काचे कान घ्या उसने.

“मग दे की उसने,” मी म्हणाले.

खरं तर तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. सुटका झाल्यासारखं वाटलं.

आधी तिची परीक्षा घेतली. रविवारी भुईकोट किल्ल्यात गेलो, दरवाज्याच्या कमानीखाली उभ्या राहिलो. अक्कानं एक हात दगडी भिंतीवर ठेवला, मान वर केली, आणि मला म्हणाली, टाळी वाजव. मी वाजवली. मला एक टाळी ऐकू आली, कोरडी.

“घुमली की!” अक्का म्हणाली. “वर जाऊन फिरून आली. मस्त.”

किल्ल्यातल्या बागेत आलेली माणसं आमच्याकडं बघत होती. मी अजून पाच वेळा वाजवली. पाचही वेळा अक्काला ती घुमलेली ऐकू आली, आणि मला तिचा हेवा वाटला, अगदी खरा हेवा. परत येताना मी तिला भेळ खाऊ घातली.

मग खुणा ठरवल्या. नव्या काढायची गरज नव्हती, कारखान्यातल्याच घेतल्या. हात धोट्यासारखा, म्हणजे मागात आडवं सूत नेणाऱ्या लाकडासारखा, इकडून तिकडं गेला, तर इको. बोट कांडी भरल्यासारखं गोल गोल फिरलं, तर आवाज घुमतोय. फिरता फिरता बोट हळू झालं, तर रेंगाळतोय. दोन बोटं एकदम अलग झाली, धागा तुटल्यासारखी, तर तुटक थांबला. आणि तळवा खाली करून आडवा धरला की संपला. माग बंद करा म्हणायची तीच खूण. रोज संध्याकाळी अक्का कारखान्यातून आली की चहा पिऊन टेबलाशी बसायची, स्पीकरच्या शेजारी तळवा टेकवायची, डोळे बारीक करायची. मी सरावाचे आवाज लावायचे. त्यांची उत्तरं माझ्याकडं होती. पहिल्या दिवशी बारापैकी आठ आले. चौथ्या दिवशी बारापैकी दहा. अक्का तर रंगातच आली.

“हे लई सोपं हाय की गं,” ती म्हणाली. “ह्याचं पैसं देतेत व्हय? मला पण लाव की. लिवायचं तू, ऐकायचं मी.”

“आधी मला तर लागू दे.”

“लागतीस. मी हाय न्हवं.”

रात्री अंथरुणावर पडून मी शब्द घोकायचे आणि अक्का शेजारी अंधारात बोटं फिरवून बघत असायची. मला एकच भीती होती, कॅमेऱ्यात ती दिसेल. दुसरी कसली भीती धरायला हवी होती, ते सुचलंच नाही.

परीक्षा दुपारी दोनला. अम्मा जेवून आत झोपली. अक्कानं कारखान्यातली अर्धी पाळी बुडवली होती. मी कॅमेरा खोलीभर फिरवला तेव्हा ती लोखंडी कपाटाच्या आड अंग चोरून उभी होती. कॅमेरा जागेवर आला तशी ती बाहेर आली आणि लॅपटॉपच्या मागं, टेबलापासून चार हातांवर, भिंतीला टेकून उभी राहिली. जवळ येता येत नव्हतं. पुढं सरकली की तिची सावली टेबलावर पडून कॅमेऱ्यात आली असती.

“तयार?” मॅडमनी विचारलं. त्या पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात दिसत होत्या. पांढरे कापलेले केस, चष्मा.

पहिला आवाज वाजला. मला लांबून एक ढब्ब ऐकू आलं. मी अक्काकडं बघितलं. अक्कानं स्पीकरकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या कपाळाला आठी पडली. मग बोट गोल फिरवलं. मी लिहिलं, घुमतो. दुसरा. दोन बोटं अलग. मी लिहिलं, तुटक थांबतो. तिसऱ्याला ती थांबली, एक पाय पुढं टाकला, पुन्हा मागं घेतला, आणि धोट्याची खूण केली. पाच झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “पाचपैकी एक बरोबर आहे. घाबरला आहात का? पाणी प्या हवं तर.”

मी पाणी प्यायले. आता दहापैकी नऊ यायला हवे होते. अक्कानं ओठांनी विचारलं, किती? मी डोळ्यांनी सांगितलं, वाईट. तिनं मान हलवली, बाह्या वर सारल्या, आता बघच म्हणाल्यासारखी.

सहावा वाजला. अक्का भिंतीपासून सुटून पुढं आली आणि तिचा उजवा हात टेबलाकडं गेला. बघून नाही, आपोआप. दिवे गेल्यावर आपण खांब चाचपडतो तसा. मी डोळे वटारले, मागं हो! ती दचकून मागं झाली, आणि तो हात तसाच हवेत राहिला, तळवा खाली, बोटं पसरलेली. आणि मी त्या हाताकडं बघत राहिले. आठ दिवस तो टेबलावर होता. किल्ल्यात तो भिंतीवर होता. कारखान्यात तो मागाच्या लाकडावर असतो. अगं बाई. अक्का ऐकत नव्हती. अक्काला हाताला कळत होतं. आणि हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, हेच ऐकणं. माझे कान पाळण्यात गेले, मग बावीस वर्षं आठ मागांच्या मधे उभी राहणारीचे कसे शाबूत राहतील? एवढी साधी गोष्ट, आणि मी, इंग्रजीत बी.ए. झालेली, तिच्याकडं कान उसने मागायला गेले होते.

सहावा गेला. मी काहीतरी लिहिलं. सातवा नुसत्या अंदाजानं बरोबर आला. आठवा वाजला. टण्ण. घंटाच होती, कुठली तरी मोठी. अक्कानं लगेच तळवा आडवा धरला. संपला. ठाम. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. मलाही तो संपलेलाच होता. मी लिहायला बोटं टेकवली आणि सहज माझी नजर कोपऱ्यातल्या चौकोनाकडं गेली.

मॅडम ऐकत होत्या.

त्यांची मान किंचित कललेली होती, नजर कुठंतरी लांब, ओठ जरा उघडे. तीन सेकंद. पाच. सात. मग पापण्या हलल्या, मान सरळ झाली, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा आवाज संपला. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर संपताना दिसला, अगदी स्वच्छ. चेहरे वाचण्यात माझा हात कोण धरणार? मी लिहिलं, ‘घंटेचा नाद रेंगाळतो आणि विरतो’. मॅडमनी समाधानानं मान हलवली.

नवव्याला मी अक्काकडं बघितलंच नाही. मॅडमकडं बघितलं. त्यांची भुवई दोनदा हलली, थोड्या थोड्या अंतरानं. इको. बरोबर. दहावा, डोळ्यांत काही नाही, आवाज येताच संपला. तुटक. बरोबर. “आता जमतंय तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या. “दहापैकी पाच. राहिलेले सगळे बरोबर आले की झालं.”

राहिलेले पाचही मला आले असते. आजही सांगते, आले असते. लॅपटॉपच्या वरून अक्का दिसत होती. मी तिच्याकडं बघत नाही हे तिला कळलं नव्हतं. ती आपली जीव तोडून खुणा करत होती, बोट फिरवत होती, धोटा पळवत होती, घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. तिच्या लेखी ती मला पास करत होती. मला रडू आलं आणि रागही आला, मॅडमचा नाही, अक्काचाही नाही, माझा. काम होतं ऐकू न येणाऱ्यांसाठी लिहायचं. कुठल्या तरी देशात कुणीतरी बहिरी बाई ते कंस वाचून विश्वास ठेवत होती की आवाज तिथं आहे. आणि मी तिला चेहरे वाचून सांगणार होते, जे तिचं तिला माझ्याइतकंच येत असणार.

मी मोठ्यानं बोलू शकत नव्हते. अक्का समोर होती, तिनं ओठांवरून सगळं वाचलं असतं. मी चौकटीत इंग्रजीत लिहिलं, मॅडम, मला नीट ऐकू येत नाही, आवाजांचे शेवट ऐकूच येत नाहीत, लहानपण मागांच्या खडखडाटात गेलं, आधी रेघ बघून लिहीत होते, आत्ता तुमचा चेहरा बघून लिहिते आहे. आणि पाठवून दिलं.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. मग त्यांनीही लिहूनच उत्तर दिलं, हे माझ्या लक्षात राहिलं. ‘हे पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. आज इथेच थांबू या. हे काम तुम्हाला देता येणार नाही, आणि मला वाईट वाटतं आहे. कान तपासून घ्या. उशीर करू नका. घरात आणखी कुणी त्या यंत्रांजवळ काम करत असेल तर त्यांचेही.’

चौकोन काळा झाला. मी झाकण लावलं.

अक्का टेबलाला वळसा घालून धावतच आली, पदरानं घाम पुसत. “झालं? पंदरा कुटं झालं? धाच झालं की. लवकर सोडली म्हंजे पास केली व्हय?” तिनं माझे दोन्ही खांदे धरले. “सांग की! माज्या कानानं पास झालीस का न्हाय?”

काम गेलं होतं, आणि तेवढ्या वेळात ते मला लहानसं वाटायला लागलं होतं. पंखा बंद होता. गल्लीत दुपारची सामसूम होती, आत अम्माचा घोरण्याचा आवाज नव्हता, की होता, देव जाणे. मी अक्काचे हात खांद्यावरून काढून हातात घेतले आणि तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा धरला. तोंडातून जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून मी विचारलं, “अक्का, तुला ऐकू येतं का गं?”

“येतं की,” अक्का म्हणाली. “एवडी वरडतीस कशाला? अम्मा झोपलीया.”